रविवारचा पिचर

जपानमधल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर आठवड्यातून एकदाच खेळतो. पिचर म्हणजे ढोबळमानाने आपला गोलंदाज. एका सामन्यात तो शंभर-सव्वाशे चेंडू टाकतो, मग सहा दिवस खांद्याला विश्रांती देतो आणि पुढच्या आठवड्यात बहुधा त्याच वारी पुन्हा उभा राहतो. त्यामुळे मंगळवारचा पिचर, शुक्रवारचा पिचर अशी माणसं ठरून जातात. माझ्या बायकोचा रविवारचा होता.

हे वाक्य तिच्या हयातीत मी पाहुण्यांसमोर विनोद म्हणून सांगत असे. ती हसायची. मी हसत नसे, पण ते पाहुण्यांच्या लक्षात येत नसे.

ती जपानी भाषेची अनुवादक होती. भाषा पुण्यात शिकली आणि लग्नानंतर माझ्या नोकरीमुळे बंगळूरला आली. मी एका सरकारी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात होतो. ती मारतहळ्ळीच्या एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका जपानीतून इंग्रजीत आणायची. मध्ये एकदा कंपनीने तिला पाच महिन्यांसाठी जपानला पाठवलं. तिथल्या घरमालकीणबाईंनी एका रविवारी तिला मैदानावर नेलं. त्या दिवशी संघात नवाच आलेला एक उंच, किरकोळ अंगाचा पिचर पहिल्यांदा खेळला आणि सपाटून मार खाऊन चौथ्या डावात बाहेर गेला. जाताना त्याने टोपी काढली आणि मैदानाकडे तोंड करून वाकून नमस्कार केला. ती परत आली ती त्या पिचरला मनात धरून, आणि बेसबॉलचा सामना लिहून काढायची एक वही घेऊन.

त्या वहीत प्रत्येक फलंदाजाच्या प्रत्येक पाळीला एक चौकोन असतो. चेंडू बाहेरून गेला तर भरीव ठिपका. मारण्याजोगा चेंडू फलंदाजाने सोडून दिला तर पोकळ वर्तुळ. बॅट फिरवून तो चुकला तर वर्तुळावर आडवी रेघ. बाद झाला की मधल्या चौकटीत रोमन एक, दोन किंवा तीन. भरलेलं पान दुरून विणकामाच्या नमुन्यासारखं दिसायचं. उजवीकडे एक कोरी पट्टी असे, तिथे ती मराठीत बारीक अक्षरात शेरे लिहायची. एकदोनदा तिने मला ते दाखवले होते. 'आज कोपर उशिरा येतंय.' 'पाऊस. सारखी बोटं पुसतोय.' 'समोरच्यांच्या कुकरच्या सहा शिट्ट्या.' म्हणजे सामन्याखेरीज घरादारातलंही त्यात यायचं, हे मला ठाऊक होतं. पुढे त्या वहीत माझा जीव अडकला तो यामुळेच.

एकटीला हे काम जमत नव्हतं. मान खाली घालून लिहिताना पुढचा चेंडू निसटायचा. कुणीतरी पडद्यावर नजर ठेवून सांगायला हवं. तिने मला विचारलं होतं. मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतंय?" तिने पुन्हा विचारलं नाही. मग खालच्या मजल्यावरच्या बाई यायला लागल्या.

या बाई बंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांमागे इकडे आले. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की कुठला शब्द कुठला हे त्यांनाही सांगता येत नाही. विम्याच्या कार्यालयात नोकरी करतात. कॉलेजात त्या सॉफ्टबॉल खेळत, आणि कॅचर होत्या, म्हणजे पिचरच्या समोर उकिडवं बसून प्रत्येक चेंडू झेलणारी खेळाडू. लिफ्टमध्ये बायकोच्या हातातली वही पाहून त्यांनी विचारलं, "अक्का, हे स्कोअरबुक की काय?" त्या दिवशी लिफ्ट दोनदा खालीवर झाली तरी दोघी आतच होत्या, असं मला नंतर वॉचमनने सांगितलं.

जपानात दुपारी दोनला सामना सुरू होतो तेव्हा आमच्याकडे साडेदहा झालेले असतात. रविवारी सव्वादहाला बाई कोडुबळ्यांचा, म्हणजे आपल्या कडबोळ्यांचा, डबा घेऊन यायच्या. दोघी सोफ्यावर बसायच्या, समोर लॅपटॉप. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन. भिंतीपलीकडून बाईंचा आवाज येत राहायचा. "सोडला. आत." "फिरवली, चुकला." "बाहेर. अय्यो, स्वल्प बाहेर." मग जपानी समालोचकाचं काहीतरी, मग बायकोने केलेलं त्याचं मराठी, मग दोघींचं हसणं. तो विनोद माझ्यापर्यंत कधीच पोचायचा नाही.

एकदा बाई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन जाताना माझ्या दारात थांबल्या.

"अण्णा, मघाशी आले तेव्हाही हेच पान होतं."

बाहेरून बायको म्हणाली, "अगं, असू दे. त्यांना ते पान आवडतं."

मला मत्सर वाटत होता. हा शब्द मी आता लिहितो आहे. तेव्हा मी त्याला आवाजाचा त्रास म्हणत असे. बाईंचा वाटायचा आणि त्या पिचरचाही वाटायचा. एक वर्ष माझा उजवा खांदा दुखत होता. बायकोने मलम आणलं, रोज चोळूनही दिलं. पण त्याच्या कोपराविषयी बोलताना तिच्या आवाजात जी काळजी यायची ती माझ्या खांद्याच्या वाट्याला आली नाही, असं मला वाटे. एकदा मी म्हणालोसुद्धा, "तो नेहमी आठव्या डावात ढेपाळतो. याला काय चांगला पिचर म्हणायचं?"

ती म्हणाली, "अहो, तो मला ओळखतही नाही. त्याच्यावर कसले रागावताय?"

आठव्या डावाचं मात्र खरं होतं. सामना नऊ डावांचा. सातव्या-आठव्यात त्याचा दम जायचा, प्रशिक्षक मैदानात यायचा, चेंडू त्याच्या हातून काढून दुसऱ्याला द्यायचा. तिला एवढंच हवं होतं की त्याने एकदा नऊच्या नऊ डाव एकट्याने टाकावेत आणि समोरच्यांना एकही धाव देऊ नये. "टाकेल एकदा," ती दर रविवारी लॅपटॉप मिटताना म्हणायची.

यंदा फेब्रुवारीत तिचं दुखणं कळलं आणि मे महिन्यात ती गेली. शेवटचे पाच रविवार ती रुग्णालयात होती. मी तिथेच राहायचो. रविवारी सकाळी बाई यायच्या, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायच्या, वही पलंगावर मांडायच्या. तेवढ्या वेळात मी सर्जापूर रोडवरच्या आमच्या घरी येऊन आंघोळ करायचो, कपडे मशीनला लावायचो आणि दोन तास झोपायचो. खरं सांगायचं तर मी त्या झोपेची आठवडाभर वाट पाहत असे. पाचही रविवार मी असेच घालवले. पाचव्या रविवारनंतरच्या बुधवारी ती गेली.

रुग्णालयातून आणलेली पिशवी मी दोन दिवसांनी उघडली. चष्मा होता, स्वेटर होता, खोबरेल तेलाची बाटली होती. वही नव्हती. वही बाईंकडे होती.

शेवटच्या पाच रविवारी तिने त्या उजव्या पट्टीत काय लिहिलं होतं ते मला हवं होतं. त्यात मी कुठेतरी असेन असं मी धरून चाललो होतो. बाई दिवसकार्यात सतत घरात होत्या, तेराव्याला पन्नास माणसांची कॉफी त्यांनीच केली, पण वहीचा विषय काढला नाही. मलाही काढता येईना. एकदा धीर करून खाली गेलो, घंटी वाजवली. दार उघडल्यावर तोंडातून निघालं, "तुमच्याकडे पाणी येतंय का?"

"येतंय की. तुमच्याकडे नाही?"

"येतंय," मी म्हणालो आणि जिन्याने वर आलो.

ती गेल्यानंतरच्या पाचव्या रविवारी सव्वादहाला दारावरची घंटी वाजली. बाई उभ्या होत्या. डबा नव्हता. हातात वही होती.

"अण्णा, आज त्याची पाळी आहे. खाली एकटीने बघवेना. इथे बसू का?"

"या," मी म्हणालो. मी वहीकडे बघत होतो.

लॅपटॉप कसा लावायचा ते त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. त्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या. बायकोची जागा रिकामी राहिली. मी वेताची खुर्ची ओढून घेतली. त्यांनी वही उघडली, कोरं पान काढलं, मध्ये खोचलेली पेन्सिल घेतली. ती माझ्या बायकोची पेन्सिल होती, चावलेली. पहिला फलंदाज आला. दोन चेंडू बाहेर गेले, एक त्याने सोडला, आणि चौथा त्याने कसाबसा तटवला. चेंडू हळूच उडून कुणाच्याच हाताशी नाही अशा ठिकाणी पडला आणि तो पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, जाऊन उभा राहिला. बाईंनी दोन ठिपके, एक वर्तुळ आणि एक तिरकी रेघ काढली.

"त्या वहीत लिहू नका," मी म्हणालो.

"काय?"

"वही तिची आहे. त्यात दुसऱ्या कुणाचं अक्षर नको."

मग पेन्सिल पानांत ठेवून त्यांनी वही मिटली आणि तिपाईवर माझ्या बाजूला सरकवली.

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं. तेवढंच.

वही मिळाली होती. आता सामना लवकर संपावा आणि बाई जाव्यात एवढंच मला वाटत होतं.

पण त्या पहिल्या फलंदाजानंतर कुणालाच काही करता येईना. पुढचे तिघे बाद झाले. दुसऱ्या डावात तिघे आले आणि तिघे गेले. तिसऱ्यातही तेच. त्याचा एक खास चेंडू होता, दोन बोटांच्या बेचक्यात घट्ट धरून टाकलेला. तो सरळ येतो आहे असं वाटत असतानाच फलंदाजाच्या पुढ्यात खाली पडायचा, आणि बॅट रिकाम्या हवेतून फिरायची. मी क्रिकेट बघत वाढलेला माणूस. एखाद्या गोलंदाजाचा दिवस असतो हे मला कळतं. पण इथे षटक संपून दुसरं टोक येत नाही. समोर येणाऱ्या प्रत्येकाला त्याच एका माणसाला तोंड द्यावं लागतं. भलत्याच घराची घंटी वाजवून माणूस वळावा तसे ते फलंदाज वळून जात होते.

बाईंचं सवयीने सुरू झालं. "फिरवली, चुकला." आणि त्या गप्प झाल्या. पुढच्या चेंडूला पुन्हा "सोडला. आ—" आणि पुन्हा गप्प. लिहिणारं कुणी नव्हतं. पाचव्या डावापर्यंत त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले होते.

"किती झाले?" मी विचारलं.

"लिहिलं असतं तर सांगितलं असतं," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

सातव्या डावात त्याच्या संघाने कशीबशी एक धाव काढली. आठव्या डावाला मी खुर्ची पुढे घेतली. आता तो ढेपाळेल, मी मनात म्हणालो, आणि ते मी आशेने म्हणालो हे इथे लिहायला हवं. त्याने ढेपाळावं असं मला वाटत होतं. ती असताना वर्षानुवर्षं जे केलं नाही, ते ती गेल्यावर पाच आठवड्यांनी करण्याचा त्याला काय अधिकार होता? त्याचा खांदा शाबूत होता, दम शाबूत होता, पुढचा रविवारही होता. प्रशिक्षक जागचा उठला नाही. आठव्यातले तिघेही हवेत बॅट फिरवून गेले.

नवव्यात शेवटचा फलंदाज चिवट निघाला. सहा चेंडू त्याने नुसते बाजूला उडवले. मग तो खाली पडणारा चेंडू आला, बॅट फिरली, आणि संपलं. पहिल्यानंतर ओळीने सत्तावीस जण आले होते आणि एकही पहिल्या बेसपर्यंत पोचला नव्हता. पिचरने उडी वगैरे मारली नाही. डाव्या हातातल्या ग्लोव्हकडे बघत उभा राहिला. बाई उभ्या होत्या. बघतो तर मीही उभा होतो.

तिला मिळायला हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि मला ते नको होतं.

सामन्यानंतर तिकडे त्या दिवशीच्या खेळाडूला मैदानातच एका छोट्या चौथऱ्यावर उभं करून मुलाखत घेतात. पिचर घामाने भिजलेला, हातात कसलंतरी बाहुलं. त्याला काहीतरी विचारलं. तो एक वाक्य बोलला, आणि सगळं मैदान हसलं.

"काय म्हणाला?" बाईंनी विचारलं. मान उजवीकडे वळवून, सोफ्यावरच्या रिकाम्या जागेला विचारलं.

मला जपानी येत नाही. तीस वर्षं ती भाषा घरात होती आणि मी तिच्यातला एक शब्द शिकलो नाही. बाईंनाही येत नाही. त्यांना कधी गरजच पडली नव्हती. तो पुढे बोलत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि आम्ही दोघं बघत होतो. मग बाई रडायला लागल्या. तोंडावर ओढणी धरून, खांदे गदगदवून रडल्या. मला तेराही दिवसांत तसं रडता आलं नव्हतं. त्यांच्या रडण्याचाही मला हेवा वाटला.

जाताना त्या दारात थांबल्या.

"वही आधीच द्यायला हवी होती. तीनदा घेऊन लिफ्टपर्यंत आले. देववेना." मग चप्पल घालता घालता म्हणाल्या, "रागावू नका अण्णा, पण एक सांगते. अक्काचा आयुष्यभराचा सामना झाला आज, आणि तिच्या वहीत त्याचा एकच चौकोन आहे. तो पण ज्याने मारला त्याचा."

दार लावून मी वही उघडली. रुग्णालयातला पहिला रविवार तिच्या अक्षरात होता. उजव्या पट्टीत शेरे होते. 'सलाईन डाव्या हाताला, बरं झालं.' 'सिस्टर विचारते, कोण जिंकतंय.' 'कोपर आज छान.' दुसऱ्या रविवारी पाचव्या डावापर्यंत तिचं अक्षर होतं, वर्तुळं वेडीवाकडी होत गेलेली. सहाव्या डावापासून चिन्हं नीट, गोल, एकसारखी झाली. ती बाईंची होती. तिथून पुढे साडेतीन रविवार सगळं बाईंचंच होतं, आणि उजवी पट्टी रिकामी. मी नको म्हणालो ते केव्हाच झालेलं होतं. मी शोधत होतो ते कुठेच नव्हतं. सिस्टर होती, सलाईन होतं. मी नव्हतो.

कपाटात आधीच्या वर्षांच्या वह्या आहेत. त्या उघडायची मला हिंमत झाली नाही.

चार वाजता मी वही घेऊन खाली गेलो. बाईंनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "पाणी येतंय, अण्णा."

मी पान उघडून दाखवलं. "इथे तिने लिहिणं का सोडलं?"

त्यांनी ते पान बघितलं. बसा म्हणाल्या, मी बसलो.

"हात थरथरायला लागला. वर्तुळं मिळेनात. म्हणाली, तू लिही, मी बघून सांगते. मग आमचं उलटं झालं. ती सांगायची, मी लिहायची. चुकले की ओरडायची."

"आणि इथे बाजूला?"

"मी विचारलं की. अक्का, बाजूला काय लिहू? म्हणाली, ते राहू दे, ते माझं मी नंतर लिहीन."

मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "माझ्याबद्दल काही बोलायची?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी विचार केलेला दिसला.

"नाही, अण्णा. मॅच चालू असायची ना."

आत कुठेतरी पंखा कुरकुरत होता. मला वाटलं होतं हे ऐकून मी उठून जाईन. पण उठलो नाही. वर जाऊन करायचं काय होतं?

"आजचा सामना परत बघता येतो का?" मी विचारलं.

"येतो की. कशाला?"

"लिहायला."

"ह्यातच?"

"ह्यातच. मी लिहितो, तुम्ही सांगा."

"तुम्हाला येतं?"

"शिकवा."

"अण्णा, नीट लिहायला यायला एक अख्खा सीझन जातो." त्यांनी माझ्या हातातल्या वहीतून पेन्सिल काढून घेतली. "तुम्ही बघा आणि सांगा. मी लिहिते."

त्यांनी स्वतःचा लॅपटॉप आणला, पहिल्या फलंदाजाच्या पुढे सामना नेला. मी चष्मा पुसून पुढे सरकलो. वर्षांमागे बायकोने जे काम मला विचारलं होतं ते हेच. पहिला चेंडू आला.

"सोडला," मी म्हणालो. "आत."

"बाहेर होता."

"आत होता. मी बघितला."

"चेंडू नका बघू, पंचाचा हात बघा. उठला तर आत, नाही उठला तर बाहेर. परत लावते."

त्यांनी परत लावलं. पंचाचा हात उठला नाही.

"बाहेर," मी म्हणालो.

त्यांनी ठिपका काढला. त्यांचा ठिपका माझ्या बायकोच्या ठिपक्यापेक्षा चांगला, गोल आणि भरीव होता. मला ते अजिबात आवडलं नाही.

"पुढचा सांगा," बाई म्हणाल्या. "लवकर, तो टाकतोय."